डायव्हिंगचा हार्नेस घरी कसा बांधाल (आणि हवेची पिशवी का बांधू नये)

तारकर्लीला भाड्याच्या जॅकेटात (पाठीवर सिलिंडर धरणारं, हवा भरून तरंगवणारं डायव्हिंगचं जॅकेट) पहिल्यांदा उतरलो तेव्हा पृष्ठभागावर हवा भरली की ते कानापर्यंत चढायचं आणि खाली गेलं की सिलिंडर पाठीवर डावी-उजवी डोलायचा. पट्टे ओढून ओढून हात दुखले. जॅकेट तसं चांगलं होतं, फक्त माझ्या मापाचं नव्हतं. त्यानंतर मी बॅकप्लेटकडे वळलो आणि आता माझा हार्नेस, म्हणजे सिलिंडर पाठीवर धरणारा पट्ट्यांचा साज, मीच बांधलेला आहे.

बॅकप्लेट म्हणजे पाठीवर बसणारी धातूची पाटी. तिच्यातून सलग एकच पट्टा ओवलेला असतो. पाटी आणि सिलिंडर यांच्यामध्ये ‘विंग’ नावाची हवेची पिशवी येते. पट्टा ओवण्याची ही साधी, कमीत कमी बकलांची पद्धत फ्लोरिडातल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हरांची. बिल होगार्थ मेन यांच्या नावावरून तिला होगार्थियन म्हणतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पाटी, पट्टे, डी-रिंग (सामान अडकवायच्या D आकाराच्या कड्या) हे घरी करा. विंग, इन्फ्लेटर (तिच्यात हवा भरायची नळी) आणि हवा सोडायचे व्हॉल्व्ह मात्र विकतच घ्या. पट्ट्याचं शिवण डोळ्यांनी दिसतं, हातानं ओढून तपासता येतं. विंगच्या आतल्या पिशवीचे जोड मशीनवर वितळवून केलेले असतात. ते कुठे कच्चे राहिलेत हे पाण्यात गेल्यावरच कळतं. शिवाय 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे पिशवीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. व्हॉल्व्ह अडकला तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो, आणि त्यात फुप्फुसाला इजा होऊ शकते. ती बचत नको. आणि हा लेख ज्यांच्याकडे डायव्हिंगचं निदान प्राथमिक प्रमाणपत्र आहे त्यांच्यासाठीच आहे.

पाटी

ज्याच्याकडे बॅकप्लेट आहे अशा मित्राची पाटी पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं रेखून घ्या. साधारण 38 सेंमी उंच, 26 सेंमी रुंद. मधल्या रेषेवर बोल्टची दोन भोकं, त्यांच्या केंद्रांमधलं अंतर 280 मिमी. हे माप चुकवू नका, कारण बाजारातल्या बहुतेक विंग त्याच अंतरावर बसतात. बोल्ट 8 मिमीचे. पट्ट्याच्या खाचा 50 मिमीच्या पट्ट्यासाठी 54-55 मिमी लांब ठेवा. मानेजवळच्या दोन खाचा थोड्या तिरक्या आणि कमरेच्या खाचा दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं, म्हणजे पट्टा त्यांत अडकून बसतो.

पुठ्ठा पाठीला बांधून आरशात बघा. वरची कड मानेच्या मणक्याच्या उंचवट्याखाली चारेक बोटं यायला हवी.

पत्रा 3 मिमीचा स्टेनलेस स्टील, ग्रेड 316. इथे दुकानदाराशी थोडं भांडावं लागतं. जाळ्या-रेलिंगसाठी विकलं जाणारं 202 ग्रेड दिसायला तसंच असतं आणि लोहचुंबकालाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून काही सिद्ध होत नाही. समुद्रात मात्र त्यावर लवकर गंजाचे डाग पडतात. सर्टिफिकेट असलेलाच पत्रा घ्या. कापायला लेझर, वाकवायला ब्रेक प्रेस. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही एमआयडीसीत हे एका सकाळचं काम आहे.

पाटी हातात आल्यावर प्रत्येक खाचेची कड बोटानं चाचपा. मी पहिल्यांदा बाहेरच्या कडा घासल्या आणि खाचांच्या आतली बर (कापल्यावर राहणारी धारदार कड) तशीच राहिली. चौथ्या डायव्हनंतर खांद्याचा पट्टा खाचेपाशी उंदरानं कुरतडल्यासारखा दिसत होता. गोल कानस, मग सँडपेपर, मग कापसाचा बोळा खाचेतून फिरवायचा. एकही तंतू अडकता कामा नये.

या मापाची स्टीलची पाटी सव्वादोन किलोच्या आसपास भरते. पाण्यात तिचं वजन आठव्या हिश्शानं कमी होतं, म्हणजे कमरेच्या वजनांतून साधारण दोन किलो शिसं काढता येतं. तेवढीच ॲल्युमिनियमची पाटी पाण्यात अर्धा किलोच राहते. विमानप्रवासाला बरी, पण स्टीलचे बोल्ट आणि खारं पाणी मिळून तिला बोल्टपाशी खातात.

पट्टा

खाटेच्या नवारीसारखा दिसला तरी नवार नको. 50 मिमी रुंद, घट्ट विणीचा, कडक पट्टा हवा. बॅगा शिवणाऱ्यांकडचा मऊ नायलॉन पट्टा पाणी पिऊन सैल होतो. कोरडा असताना नीट बसलेला हार्नेस पाण्यात दोन बोटं लोंबायला लागतो. पॉलिएस्टर कमी ताणतं. पट्टा मधोमध दुमडून उभा धरा. लगेच मान टाकली तर तो नको.

मुख्य हार्नेसला पावणेचार मीटर घ्या, कापायचं नंतर बघू. टोकं तापवलेल्या सुरीनं कापा. मेणबत्तीवर वितळवलं तर कडेला गाठ येते आणि ती खाचेतून जात नाही.

ओवणं

पट्ट्याचा मध्य मानेजवळच्या दोन खाचांमध्ये येऊ द्या. दोन्ही टोकं खांद्यांवरून पुढे, काखेखालून मागे आणि कमरेच्या जोड-खाचांतून आत-बाहेर काढून पोटावर. ओवतानाच प्रत्येक खांद्यावर एक डी-रिंग आणि डाव्या कमरेला एक डी-रिंग सरकवायची. प्रत्येकीला जागेवर धरायला स्टीलची तीन दांड्यांची पट्टी असते, तिला ट्रायग्लाइड म्हणतात. डी-रिंग वेल्ड केलेलीच हवी. दप्तराची नुसती वाकवलेली कडी वजनाखाली उघडते. ओवताना एखादी डी-रिंग सरकवायला विसरलात तर सगळं उलगडून परत ओवावं लागतं, आणि एकदा तरी तुम्ही विसरणारच.

बकल एकच, कमरेला, बेंबीच्या थोडं उजवीकडे. ते एका हातानं उघडायला हवं.

खरं काम मापात आहे, आणि त्याला घाई चालत नाही. वेटसूट घालून, पाटी पाठीवर घेऊन उभे राहा. खांद्याच्या पट्ट्याखाली छातीपाशी सपाट पंजा सहज सरकला पाहिजे. घट्ट बांधण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण मग हार्नेस काढताना कोपर अडकतं. आता हात खांद्यावरून मागे न्या. बोटांची टोकं पाटीच्या वरच्या कडेला लागली तर उंची बरोबर. खांद्याच्या डी-रिंग बगलेच्या रेषेच्या किंचित वर ठेवा आणि दोन्ही हातांनी, न बघता, त्यांत क्लिप अडकवून बघा. घरचे हसतील. हसू द्या.

पायांमधून येणारा वेगळा पट्टा पाटीच्या खालच्या खाचेतून निघतो आणि पुढे त्याच्या फासातून कमरेचा पट्टा जातो. भाड्याचं जॅकेट वर चढायचं ते याच्या अभावी. फासाचं शिवण चौकोन आणि त्यात फुली असं, जाड पॉलिएस्टर दोऱ्यानं. घरच्या मशीनची सुई तुटते. ताडपत्री किंवा सोफा शिवणाऱ्याकडून करून घ्या.

सिलिंडर धरायला दोन कॅम बँड (त्याच्याभोवती आवळायचे बकलवाले पट्टे) लागतात, ते विकतचे घ्या. विंगच्या खाचांतून ओवायचे. बँड आधी ओले करून मगच आवळा. कोरडे आवळले तर पाण्यात सैल पडतात. गळ्याला धरून सिलिंडर उचला. पाटी सरकली तर परत आवळा.

पाणी

पहिली चाचणी पोहण्याच्या तलावात, सोबत प्रशिक्षक. साधा 11 लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर भरलेला असताना किंचित बुडतो आणि रिकामा होत आला की पावणेदोन-दोन किलोनं तरंगू लागतो. म्हणून वजनं सिलिंडरमध्ये शेवटचा 50 बार दाब उरलेला असताना ठरवायची: विंग रिकामी, श्वास नेहमीसारखा, पाणी डोळ्यांच्या रेषेत. मग उलट बाजू बघा. सिलिंडर पूर्ण भरलेला असताना विंगमध्ये हवा न घालता नुसत्या पायांनी वर येता येतं का? नाही जमलं तर वजन जास्त आहे. बकल उघडून पाण्यातच हार्नेस काढा आणि परत घाला, निदान पाच वेळा.

मालवणला किंवा गोव्याला नेण्याआधी तिथल्या सेंटरला फोन करून स्वतःचं सामान चालेल का विचारा. परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवा, बकलाच्या सांध्यातली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा, सावलीत वाळवा.

आणि कमरेच्या पट्ट्याचं उरलेलं शेपूट लगेच कापू नका. चार-पाच डायव्ह होईपर्यंत मापं सरकत राहतात. माझं शेपूट पहिल्याच दिवशी ऐटीत कापलं होतं. पुढच्या हिवाळ्यात जाड सूट घातला आणि बकलपर्यंत टोक पोचेना. नवा पट्टा आणून सगळं पहिल्यापासून ओवलं, डाव्या कमरेची डी-रिंग विसरून.