नदीच्या घळईत एक दिवस: ट्रेक आणि फ्लाय फिशिंग कसं जमवावं

डोंगरावर आधी चढ असतो आणि परतीला उतार. घळईत नेमकं उलटं. सकाळी ताज्या पायांनी झपझप उतरायचं, दिवसभर पाण्यात उभं राहून फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-दोऱ्यांनी बनवलेल्या खोट्या कीटकाने, मासे धरायचे आणि दमल्यावर सगळी चढण समोर. म्हणून या दिवसाचं नियोजन शेवटाकडून करावं. अंधाराआधी वर पोचायचं, तर नदी किती वाजता सोडायची, हे आधी ठरवा.

१. परतीचा वेळ काढा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. वाट ३ किलोमीटरची आणि चढ ४५० मीटरचा असेल, तर साधारण ८० मिनिटं होतात. पण घळईच्या वाटेवर घसारा असतो, बूट ओले असतात. मी हा आकडा सरळ दुप्पट धरतो.

२. वरच्या अंगाला काय चाललंय ते पाहा

घळईतून आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते. ती निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण अचानक आलेल्या लोंढ्यात गेले. मुख्य पाऊस पडला होता तो तिथून काही किलोमीटर वर. त्यामुळे फक्त मुक्कामाचा नाही, नदीच्या संपूर्ण वरच्या खोऱ्याचा हवामान अंदाज बघा. वर धरण असेल तर विसर्गाच्या वेळा विचारून घ्या. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला किंवा खळखळाट वाढला, तर सामान आवरत बसू नका. आधी उंचावर चढा.

मासेमारीचा परवाना आणि त्या पट्ट्याचे नियमही निघण्यापूर्वीच तपासा. काही नद्यांवर फक्त कृत्रिम फ्लाय चालते, काही ठिकाणी मासा परत सोडणं बंधनकारक असतं.

३. सॅक हलकी ठेवा

चार तुकड्यांत सुटणारा ९ फुटी, ४ किंवा ५ वजनाचा (हा लाइनच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हे) रॉड, तरंगती लाइन, ९ फुटी लीडर (लाइनच्या टोकाची निमुळती, पारदर्शक दोरी), 4X आणि 5X जाडीचं टिपेट (लीडर आणि फ्लायमधला बारीक धागा), छोटी पक्कड आणि फ्लायची एकच डबी. पोलराइज्ड गॉगल मात्र हवाच. पाण्यावरची चकाकी कमी होऊन तळ दिसतो आणि उडालेल्या गळापासून डोळे वाचतात.

४. पाणी ओळखा, मग गळ टाका

इथे घाई करू नये. आधी काठाजवळच्या उथळ पाण्यातला एखादा दगड उचलून उलटा करा. खालच्या बाजूला चिकटलेल्या अळ्या दिसतील. दोन शेपट्यांची, दणकट पायांची असेल तर ती बहुधा स्टोनफ्लाय. बारीक, तीन शेपट्यांची असेल तर मेफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेली नळकांडी दिसली तर आत कॅडिस. आकार आणि रंग लक्षात ठेवा, दगड होता तसाच ठेवा आणि डबीतली त्याच्या जवळ जाणारी फ्लाय बांधा. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आपलं बहुतेक खाणं पृष्ठभागाखालीच उरकतो. त्यामुळे वर कीटक उडत नसतील तर निम्फनेच, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारख्या दिसणाऱ्या फ्लायनेच, सुरुवात करावी.

आता मासा कुठे असेल? त्याला खाणं वाहून आणणारी धार हवी, पण धारेशी झगडायचं नसतं. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात, ती रेघ शोधा. मोठ्या धोंड्याच्या मागे, तसंच पुढेही पाण्याची अशी उशी असते. डोहाच्या तोंडाशी, खळाळ संपतो तिथेही पाहा. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या बाजूने, हळूहळू जवळ जा.

५. मागे कातळ असताना फेक

लाइन मागे उडवायला जागा नसते, तेव्हा रोल कास्ट करा. लाइन पाण्यावरून सावकाश ओढत रॉड कानाजवळ आणा, लाइनचा झोळ खांद्यामागे लोंबू द्या, क्षणभर थांबा आणि झटका देऊन पुढे थांबवा. घळईत हीच फेक सर्वांत जास्त लागते, तेव्हा आधी मोकळ्या पाण्यावर हात बसवून घ्या.

फ्लाय पडल्यावर ती प्रवाहाच्याच वेगाने वाहायला हवी. मधली जोराची धार लाइन ओढू लागली, तर रॉडच्या टोकाने लाइन उचलून वरच्या अंगाला टाका.

पाण्यात उतरताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा. घसरलात तर सॅक काढता आली पाहिजे. हातात काठी घ्या, पाय घासत सरका, आणि शेवाळलेल्या कातळावर उडी मारू नका.

६. मासा सोडताना

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. मासा फार दमवू नका. हात ओले करूनच धरा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. पाण्याबाहेर काही सेकंदच. पाण्याचं तापमान २० अंशांवर गेलं असेल तर ट्राउटच्या मागे लागणं थांबवा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, सोडलेला मासाही नंतर मरू शकतो.

७. वर या

ठरलेली वेळ झाली की मासे कितीही लागत असले तरी रॉड सुटा करा. चढणीपुरतं पिण्याचं पाणी राखून ठेवलेलं असावं. घरी आल्यावर बुटांचा चिखल घासून काढा. एका नदीतलं शेवाळ आणि बारीक गोगलगायी अशाच दुसरीकडे पोचतात, तेव्हा बूट पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या पाण्यात उतरू नका.