सोलापुरात बसून शिपिंग धोरण शिकायचंय? आधी टॉवेलचं इनव्हॉइस बघा

"उजनीत जहाज चालवणार का?" हा टोमणा तुम्हालाही ऐकावा लागेल. सोडून द्या. वालचंद हिराचंद याच गावात जन्मले. त्यांच्या सिंधिया या जहाज कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून तो राष्ट्रीय सागरी दिन, हे तुम्हाला पाठच असेल. पण पुढचं वाचा. ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडून सिंधियाला जेरीस आणलं, त्यातूनच किनारी वाहतूक देशी जहाजांना राखून ठेवा ही मागणी जोर धरत गेली. धोरण कशासाठी लागतं, हे त्या भांडणातून जितकं कळतं तितकं कुठल्याच नोट्समधून कळत नाही.

आता खरी मेख. बंदर म्हणजे शिपिंग नव्हे. सागरमाला ही बंदरविकासाची सरकारी योजना, पालघरमधल्या वाढवण बंदराचे 76,220 कोटी, हे सगळं लिहून आपण 'जहाजउद्योगाचा विकास' असं शीर्षक देतो. मुलाखतीत मला विचारलं, "जहाज कोण निवडतो?" माझी बोलती बंद.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलवाल्याचं इनव्हॉइस मागून बघा. बहुतेकदा 'एफओबी न्हावा शेवा' (न्हावा शेवा म्हणजे मुंबईजवळचं बंदर) असतं. म्हणजे माल जहाजावर चढला की आपण मोकळे. पुढचं भाडं परदेशी गिऱ्हाईक भरणार, म्हणून जहाजही तोच ठरवणार. उलट आयात करताना आपण पुष्कळदा सीआयएफ घेतो: भाडं आणि विमा किमतीतच, म्हणजे जहाज विकणाऱ्याच्या पसंतीचं. जाताना निवड त्यांची, येतानाही त्यांचीच. बंदरातले धक्के कितीही वाढवा, भाड्याचा पैसा बाहेर जातोच. टॉवेलवाल्याला दोष देऊ नका हं. भाडं वर-खाली झालं तर ती झळ त्याने का सोसावी?

हे डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं, घाबरू नका. 2004 चा टनेज टॅक्स (नफ्याऐवजी जहाजाच्या क्षमतेवर मोजलेला कर) का आणला, मालक भारतीय असूनही जहाजावर पनामाचा झेंडा, म्हणजे नोंदणी तिकडची, का, सरकारी मालासाठी भारतीय जहाजांना परक्या दराशी बरोबरी करायची पहिली संधी का, सगळं एकाच धाग्यात येतं.

क्लासवाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी 2025 मध्ये नवा कायदा मंजूर झाला, किनारी वाहतुकीचा वेगळा कायदाही त्याच वर्षी आला, आणि जुन्या झेरॉक्स अजून विकल्या जातात. शिपिंग मंत्रालयाच्या साइटवरून मूळ मजकूर उतरवून घ्या, फुकट आहे. गुरू हवा तर एखाद्या कस्टम एजंटच्या ऑफिसातला जुना कारकून गाठा. बिल ऑफ लेडिंगमधली (जहाज कंपनी देते ती मालाची पावती) ओळ न् ओळ तो चहा पिता पिता सांगेल. इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचं एमबीए चांगलं, पण त्याआधी दोन-तीन महिने अशा ऑफिसात काढा. पगार विचारू नका, कागद वाचायला मिळतील का तेवढं विचारा.