वाळत घातलेल्या कपड्यांवर कविता कशी लिहायची

कविता लिहायची म्हटलं की आपण चांदणं, समुद्र नाहीतर प्रेमभंग शोधायला निघतो. मी पण तेच करायचे. कॉलेजची वही परवा उघडली तर दर दुसऱ्या पानावर 'मन', एका पानावर तर सात वेळा, मोजले मी.

आता मी उलट करते. दिवसातून दोनदा ज्या गोष्टीचा वैताग येतो ती पकडते. सध्या जुलै चालू आहे म्हणजे आमच्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, त्यावर सगळ्यांचे कपडे, कुबट वास, आणि पाणी प्यायला उठलं की कोणाच्या तरी पँटचा ओला पाय तोंडावर. यात कसली आलीय कविता असं वाटतं ना? थांबा जरा.

पहिलं काम, दिसलं ते तिथल्या तिथे मोबाईलमध्ये टाइप करा, जसं दिसलं तसंच. मी लिहिलं होतं, "रात्री दीड. पंखा पाचवर. युनिफॉर्मचा शर्ट हलतोय, बाही टपकतेय, खाली पोछा ठेवलाय." बास. संध्याकाळी लिहीन म्हणालात की त्याचं "पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत" होऊन जातं आणि ती तक्रार झाली, ती शेजारची काकू पण करते.

मग मोह होतो भावना घालायचा. मी पण घातली, "ओला ओला पाऊस, ओलं माझं मन" वगैरे. पुसून टाका. मन, क्षण, आठवण, हळवं हे चार शब्द निदान पहिल्या महिन्यात तरी वापरायचेच नाहीत, माझ्यावर विश्वास ठेवा. त्याऐवजी त्या वस्तूलाच विचारा की बाई तू इथे काय करतेयस. दीड वाजता घरात सगळे झोपलेत आणि एक शर्ट जागा आहे, का तर सकाळी सातला त्याला शाळेत जायचंय! हे सुचलं तेव्हा मला पोछ्याजवळ उभं राहून हसू आलं.

आता मोजायचं. सुरुवातीला अष्टाक्षरी सगळ्यात सोपी, एका ओळीत आठ अक्षरं, ऱ्हस्व दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. शर्ट म्हणजे श आणि र्ट, दोनच. बोटांवर मोजत मोजत हे झालं:

पंख्याखाली रातभर
हलतोय शर्ट ओला
पोर झोपलं, तो मात्र
शाळेसाठी जागलेला

फार ग्रेट नाहीये, माहितीय. पण खोटी नाहीये, आणि 'हलतोय शर्ट ओला' म्हणताना जीभ अडखळत नाही, ते मोठ्याने म्हणूनच बघावं लागतं.

लय येत नसेल तर हाताला काम द्या. आपल्या आज्या पणज्या पहाटे जात्यावर दळताना ओव्या गायच्या त्या काय वही घेऊन बसून नाही, जातं फिरतंय त्याच्या ठेक्यात दळण, माहेर, भाऊ, सासू, पाऊस सगळं आपोआप यायचं. हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. एक लाख! आणि विषय बघाल तर रोजचेच. मिक्सरवर हे होत नाही, ट्राय केलंय, नुसता आवाज आणि भांडं तापतं. पण पोळ्या लाटताना होतं, लसूण सोलताना तर फार छान होतं, आणि लोकलमध्ये विंडो सीट मिळाली तर काय विचारूच नका.

विषय संपले असं वाटलं तर फ्रीजवरचं मॅग्नेट, दाराला लटकवलेली दुधाची पिशवी, भांडीवाल्या मावशी आल्या नाहीत त्या दिवसाचं सिंक. सिंकवर माझ्या तीन झाल्यात, एक तर बऱ्यापैकी चिडकी आहे, चालतं.

आणि हो, घरच्यांना लगेच वाचून दाखवू नका. मी दाखवली तर पोरगा म्हणाला, "ते ठीके आई, पण शर्ट वाळला का?"

नव्हता वाळला. इस्त्री फिरवून दिला.