शिगम्यात गोव्याला यायचंय? मुक्काम दिवाडी बेटावर करा

होळी आठवड्यावर आली की घाटावरच्या नातेवाइकांचे फोन आमच्या डिचोलीच्या घरी सुरू होतात. "शिगमो बघायचाय. कळंगुटला रूम घेतलीय, आता सांग कुठे जायचं ते." रूम घेऊन मोकळे झाल्यावर विचारतात, तिथेच सगळं बिघडतं. शिगमो म्हणजे गोव्याचा शिमगा. तो समुद्रकिनाऱ्यावर खेळत नाहीत, गावच्या मांडावर, म्हणजे खेळाच्या राखीव जागेवर खेळतात. कुठल्या गावात कुठल्या रात्री जायचं ते आधी ठरवा आणि खोली सगळ्यात शेवटी घ्या.

पहिलं काम: तिथी

फाल्गुन पौर्णिमा कधी आहे ते पाहा. फोंडा, सांगे, केपे या बाजूला शिगमो पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत रंगतो. पेडणे, डिचोली, सत्तरीत तो पौर्णिमेपासून सुरू होतो. म्हणून उत्तर गोवा बघायचा असेल तर पौर्णिमेला दुपारपर्यंत पोहोचा आणि चार रात्री हाताशी ठेवा. शहरांतल्या चित्ररथ मिरवणुका वेगळ्या. त्यांच्या तारखा सरकार दरवर्षी जाहीर करतं आणि प्रत्येक शहराचा दिवस निराळा असतो. त्यातली एखादी जरूर बघा. ढोल-ताशा, "ओस्सय ओस्सय"चा गजर, रोमटामेळ (वाजतगाजत नाचत जाणारे जथे) असं सगळं एका रस्त्यावर बघायला मिळतं. पण तेवढ्यालाच शिगमो समजून परत जाऊ नका.

फाल्गुन जमतच नसेल तर पौषात या. तेव्हा बायकांचे धालो असतात. रात्री मांडावर दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि गाणी म्हणत पुढे-मागे झुलतात. तो खेळ बायकांचा, पुरुषांनी लांबच थांबायचं.

दुसरं: बेट आणि फेरीबोट

दिवाडी मांडवीच्या पात्रात आहे. कोकण रेल्वे या बेटावरून जाते, पण आपल्याला उतरायचं ते पलीकडे करमळीला. तिथून जुने गोवे जवळच आहे, आणि व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की फेरीचा धक्का. रायबंदरहूनही फेरी सुटते. बेटावर पूल नाही, आणि मला विचाराल तर तेच बरं आहे. पायी जाणाऱ्याला फेरीचं तिकीट लागत नाही.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या. एका वर्षी आम्ही मिरवणूक संपेपर्यंत पणजीत रेंगाळलो आणि परत आलो तर बोट पलीकडच्या काठाला बांधलेली. पाहुण्यांसकट सहा जणांनी ती रात्र गाडीत डास मारत काढली. मिरवणूक जाहीर केलेल्या वेळेला सुरू होत नाही आणि मध्यरात्रीच्या आत क्वचितच संपते. त्या एका रात्रीपुरती पणजीतच सोय बघा.

स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पाटी पांढरी असली तर पोलीस अडवतात. एकटे असाल तर पायलट करा. गोव्यात पायलट म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी.

तिसरं: दिवस बेटावर, रात्र मांडावर

मार्चचं ऊन आणि दमट हवा यांत दुपारी फिरण्यात अर्थ नाही. सकाळी लवकर निघा. पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे. त्याच्या शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलचं कोरीव छत बघा, ते कदंब राजांच्या काळातल्या देवळाचं आहे. तिथून बेटावरच्या जुन्या नार्वेला जा. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात इथलं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपार गेला. कोटितीर्थाची तळी मात्र अजून इथे आहे. मग फेरीने पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्वेला उतरा. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली नव्याने उभारायला लावलं. देव ज्या नदीपार गेला तीच नदी आपणही ओलांडायची, म्हणून हा क्रम उलटा करू नका.

दुपारी झोप काढा. संध्याकाळी नार्वेच्या फेरीने निघून डिचोली किंवा सत्तरी गाठा. घोडेमोडणीचा नाच याच भागातला: कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फुलांनी सजवलेला फेटा, हातात तलवार. सत्तरीतल्या झर्मे गावात चोरोत्सव होतो. चोर समजून मारल्या गेलेल्या निरपराधांच्या आठवणीत माणसांना जमिनीत पुरण्याचा विधी असतो. पहिल्यांदा बघताना छाती धडधडते, लहान मुलांना नेऊ नका. डिचोलीतल्या साळ गावचे गडे, म्हणजे रात्रीच्या विधीत भाग घेणारे भक्त, तर अंधारातलेच. तिथे टॉर्च, मोबाइल, फ्लॅश यांपैकी काहीही काढलंत तर लोक रागावतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

मांडावर कसं वागायचं

दक्षिणेकडे गावडा, कुणबी, वेळीप समाजांचे मांड आहेत. या तिन्ही समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण त्यांचे मांड त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचे. मांड म्हणजे मैदान नव्हे, देवाची जागा. पायताण बाहेर काढा. वर्तुळाच्या आत पाऊल टाकू नका. फोटो काढायचा तर आधी वडीलधाऱ्या माणसाला विचारा, "काडूं?" नाही म्हणाले तर मोबाइल खिशात. "आमच्यासाठी जरा पुन्हा नाचा ना" असं म्हणणारे पाहुणे मी पाहिलेत. त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ.

खायचं मांडावर शोधू नका, निघण्यापूर्वीच जेवून घ्या. काजूचा हंगाम असतो. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची दारू मिळेल, ती परत बेटावर पोहोचल्यावरच घ्या. रात्री घाटातल्या वळणांवर गुरं बसलेली असतात.

आता खोली. दिवाडीवर राहण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि होळीची सुट्टी सगळ्यांनाच असते, तेव्हा गावं आणि रात्री ठरल्या की त्याच दिवशी फोन करा. घरमालकाला पहिला प्रश्न एकच: तुमच्यापासून धक्का किती लांब?