अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर बी.एस.ला आलात? डेटा-व्हिज्युअलायझेशनचं संशोधन असं मिळवा

पहिल्या हिवाळ्यात वर्गातली मुलं ‘आरईयू’चे (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी संशोधन-जागांचे) अर्ज भरायला लागतात आणि आपणही भरावेत असं वाटतं. आधी पात्रतेची ओळ वाचा. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून चालणाऱ्या या उन्हाळी जागा अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतात. ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांमधल्या ‘सुली’ या इंटर्नशिपचंही तेच. ‘वर्क-स्टडी’ (सरकारी आर्थिक मदतीतून पगार मिळणाऱ्या) असं लिहिलेल्या नोकऱ्याही आपल्याला चालत नाहीत. इथे पात्र नसलात म्हणून खचू नका, याचा तुमच्या कुवतीशी काही संबंध नाही.

आपली खरी संधी कॅम्पसवरच असते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर पगारी काम करता येतं. नाहीतर प्राध्यापकांकडे क्रेडिटसाठी इंडिपेंडंट स्टडी घ्या. बाहेरच्या इंटर्नशिपला सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) लागतं आणि ते साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळतं. काम बिनपगारी असलं तरी इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

सगळे कॉम्प्युटर सायन्सच्या लॅबकडे धावतात. मी म्हणेन, हवामानशास्त्र, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र या विभागांत जा. तिथे डेटाचे ढीग पडलेले असतात आणि तो नीट मांडून दाखवणारी माणसं कमी असतात.

जाताना हातात एक आलेख हवा. डेटा फुकट मिळतो: लँडसॅटची उपग्रहचित्रं २००८ पासून सर्वांना खुली आहेत, स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे आणि गाया या अवकाश दुर्बिणीचा ताऱ्यांचा डेटाही खुला आहे. समजा, समुद्राच्या तापमानाची नेटसीडीएफ (वैज्ञानिक डेटा साठवायच्या प्रकारातली) फाइल घेतली. पायथनमध्ये उघडल्यावर आधी बघा, जिथे मोजमापच नाही तिथे काय भरलंय. अनेकदा -९९९९ असतं. ते न काढता सरासरी घेतली तर अख्खा समुद्र गोठलेला निघतो! मग रंग. इंद्रधनुषी ‘जेट’ ही रंगपट्टी वापरलीत तर पिवळ्या पट्ट्यापाशी तापमान एकदम बदलतंय असं वाटतं, प्रत्यक्षात तिथे तसं काहीच नसतं. पायथनमध्ये आलेख काढायच्या मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या २.० आवृत्तीत जेट बाजूला सारून ‘व्हिरिडिस’ ही रंगपट्टी आपोआप लागणारी केली ती याचसाठी. त्यात उजळपणा एकसारखा वाढत जातो आणि रंगांधळ्या माणसालाही फरक कळतो. असा एक आलेख आणि ‘रिकाम्या जागा अशा हाताळल्या’ एवढं दोन वाक्यांत लिहिलेलं असलं, की प्राध्यापकांना तुमची काम करण्याची पद्धत दिसते. माझ्या मते गुणपत्रिकेपेक्षा हे जास्त बोलतं.

ईमेल पाच-सहा ओळींचा ठेवा. त्यांचा एखादा पेपर खरंच वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न विचारा, आलेख जोडा, आठवड्याला किती तास देऊ शकता ते सांगा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करा, किंवा सरळ ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटायच्या त्यांच्या ठरलेल्या वेळेत) जाऊन भेटा. इथे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. आणि लॅबमधल्या पीएचडीच्या मुलांशी ओळख वाढवा. रोजचं काम तेच शिकवतात, जागा रिकामी होणार हेही आधी त्यांनाच कळतं.