‘यावर काम झालेलं नाही’ असं लिहिण्याआधी: रसायनशास्त्राचे संदर्भ शोधताना या चुका टाळा

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये ‘या संयुगावर आजवर काम झालेलं नाही’ हे वाक्य फार सहज लिहिलं जातं. बऱ्याचदा काम झालेलं असतं, पण ते वेगळ्या नावाखाली नोंदलेलं असतं.

नावावर विसंबणं

आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतं. केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स (रसायनशास्त्रातल्या संशोधनाचे सारांश नोंदवणारी सेवा) हिच्या सूचीत तर त्याचं नाव ‘ॲसिटामाइड’पासून सुरू होतं. शिवाय ही सूचीतली नावंही कायम राहत नाहीत. १९७२ मध्ये त्यांनी नामकरणाचे नियम बदलले आणि ॲनिलीनची पुढची नोंद बेंझीनॲमिनखाली गेली. ग्रंथालयात छापील खंड चाळणाऱ्याने जुनं नाव धरून ठेवलं, तर १९७२ नंतर ॲनिलीनवरचं संशोधनच थांबलं असं त्याला वाटेल!

यावर उपाय आहे सीएएस रजिस्ट्री क्रमांकाचा, म्हणजे केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने प्रत्येक पदार्थाला दिलेल्या स्वतंत्र क्रमांकाचा. ही पद्धत १९६५ पासून आहे. पॅरासिटामॉलचा क्रमांक १०३-९०-२. यातला शेवटचा अंक तपासणीसाठी असतो. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून १, २, ३, ४, ५ ने गुणून बेरीज केली की ३२ येते, म्हणून शेवटी २. कॅटलॉगमधून क्रमांक उतरवून घेतलात आणि काहीच सापडलं नाही, तर आधी हा हिशेब करून बघा.

क्रमांक मिळाला की निर्धास्त होणं

माझ्या मते ही चूक पहिलीपेक्षा घातक, कारण निकाल येतात आणि शंकाच येत नाही. मेटफॉर्मिनचा क्रमांक ६५७-२४-९. पण गोळीत सहसा असतं ते त्याचं हायड्रोक्लोराइड, ज्याचा क्रमांक १११५-७०-४. साध्या आयबुप्रोफेनचा १५६८७-२७-१, तर त्याच्या एस रूपाचा (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी एकाचा) ५११४६-५६-६. क्षार, हायड्रेट, त्रिमितीय समघटक या सगळ्यांचे क्रमांक वेगळे, म्हणून त्यांचे शोधही वेगवेगळे घ्यावे लागतात.

इनची ही रेणूची रचना अक्षरांत लिहिण्याची प्रमाणित पद्धत, आणि इनची-की हे तिचं ठरावीक लांबीचं छोटं रूप. इनची-कीमध्ये त्रिमितीय समघटकांपुरती सोय आहे. तिच्या पहिल्या १४ अक्षरांत अणूंची जोडणी असते आणि त्रिमितीय माहिती पुढच्या गटात. फक्त पहिली १४ अक्षरं देऊन शोधलं की सगळे समघटक एकत्र मिळतात. क्षार मात्र यातून निसटतात. कीटो-ईनॉल जोडीही (हायड्रोजनची जागा बदलून एकमेकांत बदलणारी एकाच संयुगाची दोन रूपं) निसटते, कारण प्रमाणित इनची त्या दोन रूपांना वेगळं धरते. हळदीतल्या कर्क्युमिनची अशी दोन्ही रूपं साहित्यात सापडतात. त्यामुळे सांगलीच्या हळदीवर काम करणाऱ्यांनी दोन्ही रचना काढून शोधावं.

‘नॉट’ वापरून निकाल कमी करणं

शोधात ‘नॉट’ लावलं की पुढचा शब्द असलेले सगळे निकाल वगळले जातात. पॅलेडियम हवंय, निकेल नको, म्हणून ‘नॉट’ लावलं की दोन्हींची तुलना करणारे पेपरही गेले. नेमके तेच कामाचे असतात. निकाल फार आलेच तर वर्ष किंवा अभिक्रियेचा प्रकार लावून कमी करा.

रेणुसूत्राचा क्रम

सूचीत रेणुसूत्रं हिल पद्धतीने लावलेली असतात. तिच्यात आधी कार्बन, मग हायड्रोजन, बाकी मूलद्रव्यं संज्ञांच्या इंग्रजी वर्णक्रमाने. कार्बन नसेल तर सगळंच वर्णक्रमाने. म्हणजे मीठ शोधायचं क्लोरीनच्या संज्ञेखाली, सोडियमच्या नाही.

पेटंट आणि जर्मन साहित्य सोडून देणं

पेटंटमधल्या मार्कुश रचनेत (काही जागी पर्यायी गट ठेवून काढलेल्या सर्वसाधारण रचनेत) एका चित्रात हजारो संयुगं सामावलेली असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. शब्द टाकून ती सापडणार नाहीत. त्यासाठी मार्कुश शोधाची सोय असलेला डेटाबेसच लागतो. गूगल स्कॉलरला शब्द कळतात, रचना कळत नाही. पबकेम हा संयुगांचा डेटाबेस मोफत आहे आणि तिथे रचना काढून शोधता येतं, त्यामुळे सुरुवातीला उत्तम. पण तिथे संदर्भ दिसले नाहीत म्हणजे ते नाहीतच असं समजू नका.

जुन्या संयुगाचा वितळणबिंदू किंवा कृती हवी असेल तर बाइलश्टाइन या सेंद्रिय संयुगांच्या संदर्भग्रंथाकडे वळा. १९५९ पर्यंतचं साहित्य टिपणारे त्याचे खंड जर्मनमध्ये आहेत. सबस्क्रिप्शन असेल तर ही माहिती रिॲक्सिस या ऑनलाइन डेटाबेसमध्ये मिळते. नसेल तर रेणुसूत्राच्या सूचीवरून नोंद गाठा. आकडे, संक्षेप आणि मूळ पेपरचा संदर्भ वाचायला जर्मन फारशी लागत नाही.