फोनलाच गाडीची चावी केलीत? मग या चुका टाळा

गेल्या जुलैमधली गोष्ट. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या केरीला अंजुणे धरणावर आम्ही थांबलो होतो. पावसाने जरा उसंत घेतली होती, चोर्ल्याचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला. बायकोने पर्स मागच्या सीटवर टाकली आणि चावी पर्समध्ये. ‘‘राहू दे ती, भिजेल. मी फोनवरून लॉक करतो,’’ मी ऐटीत म्हणालो. अ‍ॅपवर बोट ठेवलं, चार-पाच सेकंदांनी आरसे मिटले, गाडी लॉक झाली. अर्ध्या तासाने परत आलो तेव्हा पाऊस पुन्हा धो धो सुरू झाला होता आणि स्क्रीनवर एक गोल चक्र फिरत होतं: ‘वाहनाशी संपर्क साधत आहे’. काचेतून पर्स दिसत होती. पर्सच्या तोंडाशी चावीची कडीसुद्धा दिसत होती.

मला वाटलं, माझ्या फोनला रेंज नाही. एकाच्या स्कूटरवर मागे बसून खाली केरीत गेलो. फोनला रेंज आली. अ‍ॅपने मात्र तोच हट्ट धरला. मग डोक्यात प्रकाश पडला: रेंज नुसती मला असून भागणार नव्हती, गाडीलाही हवी होती. गाडीत तिचं स्वतःचं सिमकार्ड असतं आणि ती उभी होती धरणावर. चहाच्या गाड्यावर कळलं की मघाशीच वीज गेली होती, बहुधा टॉवरही झोपला होता. तासाभराने वीज आली आणि दार उघडलं. बायको तोवर छत्रीखाली उभी. तिने एकच वाक्य उच्चारलं, ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात मोठी चूक: ‘फोनची चावी’ म्हणजे काय ते न विचारणं

शोरूममध्ये ‘सर, फोनने गाडी उघडते’ असं सांगतात आणि आपण मान डोलावतो. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली, इंटरनेटवर चालणारं अ‍ॅप. तुमचा हुकूम फोनवरून मोबाईल नेटवर्कवर, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिथून गाडीतल्या सिमवर जातो. यातली एक कडी तुटली की संपलं. ही मुळात चावी नव्हेच, हा दुरून वापरायचा रिमोट आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये हे अ‍ॅप एसी सुरू करून देतं, पण खरी चावी आत नसेल तर गाडी चालवता येत नाही. शिवाय पहिली काही वर्षं ही सेवा फुकट असते, पुढे वर्गणी भरावी लागते. ती भरायची राहिली आणि एक दिवस अ‍ॅप गप्प झालं, हा घोटाळाही नेहमीचा.

दुसरी, ब्लूटूथची चावी. इथे फोन थेट गाडीशी बोलतो, मध्ये इंटरनेट नाही. टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ आणली ती याच पद्धतीने, सोबत खिशात ठेवायला एक कार्ड. आपल्याकडे एमजी हेक्टरमध्ये २०२३ पासून ब्लूटूथ की मिळते.

तिसरी, फोनच्या वॉलेटमध्ये राहणारी डिजिटल की. ही एनएफसीवर चालते, म्हणजे टॅप करून पैसे भरायचं तेच तंत्र. ह्युंदाईने २०२४ च्या नव्या अल्काझारमध्ये ती दिली: फोन दाराच्या हँडलला लावला की दार उघडतं आणि चार्जिंगच्या पॅडवर ठेवला की गाडी सुरू करता येते. अ‍ॅपलने हा प्रकार २०२० मध्ये जाहीर केला, सुरुवात बीएमडब्ल्यूपासून. महागड्या गाड्यांत याच्या जोडीला यूडब्ल्यूबी (फोन गाडीपासून किती दूर आहे ते अचूक ओळखणारं रेडिओ तंत्र) असतं, त्यामुळे फोन खिशातून काढावाही लागत नाही.

आपल्याकडे यातलं नेमकं काय आहे हे शोधायला माहितीपुस्तिका चाळत बसू नका. गाडी घराच्या अंगणात उभी करा, खरी चावी घरात दूर कुणाकडे तरी द्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि नुसतं ब्लूटूथ व एनएफसी परत चालू करा. आता दार उघडून पाहा. उघडलं आणि गाडी सुरूही झाली, तर तुमच्याकडे चावी आहे. नाही, तर रिमोट आहे, आणि खरी चावी घरी ठेवून नेत्रावळीला किंवा चोर्ल्याला जायचा विचारही करू नका. ही पाच मिनिटांची परीक्षा मी गाडी घेतली त्याच दिवशी करायला हवी होती.

‘काल उघडत होती, आज उघडत नाही’

ब्लूटूथवाल्यांची ही ठरलेली तक्रार, आणि दहातल्या बहुतेक वेळा दोष गाडीचा नसतो, फोनच्या काटकसरीचा असतो. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद करतो. त्यात गाडीचं अ‍ॅपही झोपतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरतं बॅटरीचं बंधन काढा, लोकेशन आणि ‘जवळची उपकरणं’ या दोन्ही परवानग्या द्या. फोनचं मोठं अपडेट झालं की या परवानग्या पुन्हा तपासा. घाईत असाल तर अ‍ॅप उघडून समोर आणा, नाहीतर ब्लूटूथ बंद करून चालू करा, बहुतेकदा तेवढ्यानेच काम होतं.

एनएफसीची भानगड वेगळी. ते जेमतेम दोन-चार सेंटिमीटरवरून चालतं आणि त्याचा अँटेना फोनच्या ठरावीक जागीच असतो: आयफोनमध्ये वरच्या कडेला, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पाठीच्या मध्यावर. त्यामुळे फोन हँडलवर कसाही आपटून उपयोग नाही. आणि फोनच्या कव्हरमध्ये काय काय असतं ते बघा एकदा! डॅशबोर्डच्या चुंबकाला चिकटवायची लोखंडी पट्टी, एटीएम कार्ड आणि त्याच्या मागे मंगेशीचा फोटो. फोटोचं काही नाही, देव पाठीशीच असतो. पण लोखंडी पट्टी सिग्नल अडवते आणि एटीएम कार्डातही एनएफसीची चिप असल्याने गाडीचा रीडर गोंधळतो. कव्हर काढून एकदा टॅप करा, लगेच कळेल.

गाडीसोबत एनएफसी कार्ड मिळालं असेल तर ते वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवू नका. वर फोन चार्जिंगला आणि मध्ये कार्ड अडकलं, तर कार्ड तापून कायमचं निकामी होऊ शकतं.

फोन बंद पडला तर?

आयफोनवाल्यांना थोडी सवलत आहे. एक्सआर, एक्सएस आणि त्यानंतरच्या फोनमध्ये बॅटरी संपून फोन बंद झाला तरी साधारण पाच तासांपर्यंत वॉलेटमधली चावी टॅप करून चालू शकते, मात्र त्यासाठी एक्स्प्रेस मोड, म्हणजे फोन अनलॉक न करता टॅप करायची सोय, चालू असायला हवी. गंमत म्हणजे बॅटरी वाचवायला म्हणून तुम्ही स्वतःच फोन स्विच ऑफ केलात, तर ही सवलत मिळत नाही. शहाणपणा करायला गेलं की असं होतं.

आपल्याकडे बॅटरीपेक्षा उन्हाचा त्रास जास्त. एप्रिल-मेमध्ये फोन डॅशबोर्डवर ठेवून मिरामारला फिरायला गेलात तर परत येईपर्यंत तो ‘तापलो आहे’ म्हणून हात वर करतो. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेला आहे, काचा बंद असलेली गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

समुद्राची तऱ्हा आणखी निराळी. फोन किंवा स्मार्ट की (गाडीसोबत मिळणारी बटणांची चावी) खाऱ्या पाण्यात पडली तर नुसती पुसून चालत नाही, आत मीठ राहतं आणि ते सर्किट खातं. स्मार्ट की असेल तर लगेच उघडा, आतला गोल सेल काढा, की गोड्या पाण्याने खळबळून घ्या आणि एक-दोन दिवस सावलीत सुकवा, मगच नवा सेल घाला. बहुतेक कींमध्ये सीआर २०३२ नंबरचा सेल लागतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. पोहायला जाताना चावी टायरवर लपवायची सवय मात्र सोडा. जिथे तुम्ही लपवता तिथेच चोर आधी हात घालतो.

गाडीचीच बॅटरी उतरली की सगळे सारखे

आमच्या वाड्यावर एक तारवटी आहेत. सहा-सात महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आले तेव्हा गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती. फोन हँडलला लावला, काही नाही. स्मार्ट कीचं बटण दाबलं, काही नाही. कीचा सेल बदलला, तरी काही नाही. मला बोलावणं आलं. ‘‘भाऊ, फोन बिघडला की गाडी?’’

बिघडलं काहीच नव्हतं. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पार उतरली होती. दारातल्या रीडरलाच वीज नाही, तर तो फोन वाचणार कसा? इलेक्ट्रिक गाडीतही हीच १२ व्होल्टची छोटी बॅटरी कुलपं चालवते, मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही उतरू शकते. अशा वेळी कामाला येतं ते स्मार्ट कीच्या पोटात दडलेलं लोखंडी पातं. कीच्या बाजूला एक बारीक खटका असतो, तो सरकवला की पातं बाहेर येतं. त्यांनी तीन वर्षं ती की वापरली होती आणि तिच्यात पातं आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. मग कुलपाचं भोक शोधायची शोधाशोध. ते ड्रायव्हरच्या हँडलला एका प्लास्टिकच्या टोपीखाली होतं. पात्याच्या टोकाने टोपी उचकटली, दार उघडलं, बॉनेट उघडलं आणि माझ्या गाडीवरून जंपर लावला. तुमच्या गाडीचं भोक कुठे आहे ते आजच बघून ठेवा, पावसात टॉर्च तोंडात धरून शोधायला लागू नये.

नुसता कीचा सेल संपला असेल, तर काम आणखी सोपं. दार पात्याने उघडा आणि की स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. कीमधल्या चिपला सेल लागत नाही, गाडी ती जवळून वाचते. काही मॉडेलांत बटणाऐवजी कप ठेवायच्या खळग्यात की ठेवावी लागते.

जुन्या धातूच्या चावीबद्दलही एक गैरसमज आहे. बाजारातल्या चावीवाल्याने कापून दिलेली साधी नक्कल दार उघडते, पण आजकालच्या गाडीत इंजिन सुरू करत नाही, कारण इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक कुलूप, चावीतली चिप मागतो. म्हणून ती फेकू नका. चावी आत राहून दार लॉक झालं, तर तीच नक्कल वाचवते. अंजुण्याला माझ्या खिशात तशी एक असती, तर हा लेखच लिहावा लागला नसता.

दुसऱ्याच्या हातात देताना

हॉटेलच्या वॅलेला, म्हणजे गाडी पार्क करून देणाऱ्याला, कुणी अनलॉक केलेला फोन देतं का? देतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. वॅले, गॅरेज, सर्व्हिसिंग यांना कार्ड किंवा खरी चावी द्या. घरच्यांना डिजिटल की पाठवलीत, तर काम झाल्यावर ती परत घ्यायला विसरू नका. मुंबईहून चवथीला आलेल्या भाच्याकडे होळीपर्यंत चावी राहते, असं होतं.

फोन बदलतानाही हेच. चावी फोनच्या एका सुरक्षित चिपमध्ये असते, बॅकअपबरोबर ती नव्या फोनवर येईल असं धरून चालू नका. जुना फोन विकण्याआधी त्यातली चावी काढा, नव्यावर पुन्हा जोडा, आणि हे करताना खरी चावी गाडीत हवी.

चोरीचं म्हणाल, तर २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सायबर सुरक्षा कंपनीने टेस्लाची ब्लूटूथ चावी दुरून सिग्नल पुढे ढकलून फसवून दाखवली होती. स्मार्ट कीला हा धोका त्याआधीपासूनच आहे. यूडब्ल्यूबी सिग्नलला यायला लागणारा वेळ मोजून अंतर ठरवतं, म्हणून त्याला असं फसवणं अवघड. गाडीत सुरू करण्यापूर्वी पिन मागायची सोय असेल तर चालू करा. त्यापलीकडे मी तरी यासाठी झोप उडवून घेत नाही.

झोप उडाली ती माझ्या मेहुण्याची. त्याने फोंड्यात सेकंडहँड गाडी घेतली. कागद झाले, आरसी नावावर आली, दोन्ही चाव्याही मोजून घेतल्या (त्या घ्याच, गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही मागते). तीन आठवड्यांनी आधीच्या मालकाचा फोन: ‘‘अहो, तुमच्या मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी आहे. माझ्या मोबाईलवर सारखं येतंय.’’ मग आवाज खाली आणून, ‘‘आणि म्हार्दोळला देवळाकडे लावलीय ना? काचही थोडी उघडी आहे.’’ मेहुण्याने आधी काच वर केली, मग हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी आरसी घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन जुनं खातं काढून टाकलं. गाडीच्या स्क्रीनवर जोडलेल्या फोनांची यादी निघाली, त्यात आधीच्या मालकाच्या मुलाचाही फोन होता.